वस्तादांना परत बोलवायचं का

माइक उघडा आहे की बंद, हे बघितल्याशिवाय तोंड उघडू नये, एवढी साधी गोष्ट मला ऐन पंचविशीत कळत नव्हती. गाणाऱ्या बाईला तरी ती कळायला हवी. त्यातून मी दिवसभर पिंपरीतल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसायचे. कुठली लाइन उघडी, कुठली बंद, याचाच मला पगार मिळायचा. पण सुटीचा भोंगा झाला आणि पर्समधला काळा गॉगल नाकावर चढला, की माझं डोकं मी बोर्डावरच ठेवून यायचे.

त्या रविवारी भोसरीच्या एका फाउंड्रीच्या गोदामात आमच्या बँडची पहिली कॅसेट रेकॉर्ड होत होती. सकाळपासून मी कारखान्याच्या भोंग्यावरच्या गाण्यातली एकच ओळ गात होते आणि पलीकडच्या खोलीतून दर वेळी एकच शब्द येत होता, "थांबा." शेवटी मी पाण्याचा ग्लास उचलला आणि गिटारवाल्या सलीमला रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाबद्दलचं माझं मत ऐकवायला लागले. म्हटलं, हा माणूस बहिरा आहे. भंगारवाला आहे. स्वतःला गाता येत नाही म्हणून दुसऱ्याला गाऊ देत नाही. मागच्या गाण्यात यानं मधोमध कॉम्प्रेसर सुरू केल्याचा आवाज घातला आणि वर म्हणतो, सुंदर आहे. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, मी हेही म्हटलं की याच्या अंगाला ग्रीसचा असा वास येतो, याच्याशी लग्न कोण करणार.

समोर ड्रमवर बसलेला गौतम मला डोळ्यांनी खुणा करत होता. मला वाटलं, ताल धरतोय.

माइकवरचा लाल दिवा सगळा वेळ चालू होता. माझं बोलणं संपल्यावर पलीकडून आवाज आला, नेहमीसारखाच, थंड: "बाई, 'बहिरा' म्हणताना जोर फार छान पडला. तसाच 'भोंगा' म्हणताना द्या. घेऊया परत."

लाजेनं की संतापानं कोण जाणे, पण मी ती ओळ अशी काही गायले की शेवटच्या सुरावर माझा गळा फाटला. जुनं कापड टर्रकन फाटावं तसा. वस्ताद म्हणाले, "झालं. हीच ठेवायची."

ते वस्ताद. हा शब्द सलीमनं आणला. त्याच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये हेड मेकॅनिकला वस्तादच म्हणायचे. मग आम्हीही म्हणायला लागलो. खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण कॅसेटवरही त्यांनी ते घालू दिलं नव्हतं. सलीम म्हणाला, "अहो, प्रोड्यूसर म्हणून तुमचं नाव पाहिजे ना कुणाचं तरी." तर म्हणाले, "नाव ऐकू येतं का गाण्यात? मग कशाला छापायचं?"

ते एका कारखान्यात मेन्टेनन्सला फिटर होते. मशीनचं बेअरिंग चांगलं आहे की जायला आलंय, हे ओळखायची फिटर लोकांची एक रीत असते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. आतली घरघर सरळ कानात येते. बाकीचे फिटर हे कारखान्यात करायचे. वस्ताद सगळीकडे करायचे. अ‍ॅम्प्लिफायरवर करायचे, दारावर, टेबलावर, कुणी बसलेलं असताना खुर्चीवर. पहिल्याच भेटीत त्यांनी मला "गा" म्हटलं आणि मी डोळे मिटून आलाप घेतला, तर गळ्याखालच्या हाडाला काहीतरी गार लागलं. डोळे उघडले. समोर हा उंच वाळका माणूस वाकून, माझ्याकडे पाठ फिरवल्यासारखी मान करून, स्क्रू-ड्रायव्हर धरून उभा. म्हणाले, "बेअरिंग ठीक आहे. ग्रीस कमी आहे. पाणी प्या."

मी रात्रभर आरशासमोर उभी राहून 'मला मशीन समजला का' असं वेगवेगळ्या चेहऱ्यांनी म्हणून बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पाणी मात्र प्यायला लागले.

आमच्या बँडचं नाव 'कूलंट'. लोखंड कापताना मशीन तापू नये म्हणून जे दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते कूलंट. गौतमच्या अंगाला कायम त्याचा वास यायचा. तो शेपर मशीनवर होता, त्याचे वडीलही तिथेच होते. शेपरची चाल विचित्र असते. लोखंड कापत पुढे जाताना सावकाश, मोकळं मागे येताना घाईत. ढक... चक. ढक... चक. आठ तास ते ऐकून गौतमच्या हातात तोच ताल बसला होता. पुण्यातल्या रॉक वाजवणाऱ्या मुलांना तो चुकीचा वाटायचा. वस्तादांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चपला काढल्या. ऐकण्यासारखं काही असलं की ते चपला काढायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. म्हणायचे, "तोंडं बघितली की कान आळशी होतात."

रेकॉर्डिंगसाठी त्यांनी फाउंड्रीचं पॅटर्न स्टोअर मिळवलं होतं. ओतकामाच्या साच्यांसाठी जे लाकडी नमुने लागतात, त्यांनी ते गोदाम छतापर्यंत भरलेलं. त्या हजार कोनाकोपऱ्यांत आवाज मुरतो, घुमत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्पूलचं रेकॉर्डिंग मशीन त्यांनी देहूरोडला लष्करी सामानाच्या लिलावातून आणलेलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी कुरकुरीत काही खायचं नाही, हा नियम. सगळ्यांनी दहीभात खायचा. गौतमच्या खिशात एकदा चिवडा सापडला, तर वस्तादांनी तो पुडीसकट बाहेर नेऊन कुत्र्याला घातला आणि कुत्र्यालाही "तुम्ही जरा लांब जाऊन खा" म्हणाले. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पुढे येऊन त्यांनी भटजींच्या तोंडासमोरचा माइक वीतभर खाली केला आणि माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले, "आता तुम्हाला कळेल, काय म्हणतायत ते." नवरा आयुष्यभर सांगायचा, मला मंगलाष्टकं कळली, म्हणून मी पळून गेलो नाही.

पण ते लग्न पुढचं. त्याआधी ती फाटलेली ओळ आली.

मी वस्तादांना सांगितलं, ती ओळ बदला. नाही म्हणाले. मी रडले. म्हणाले, "रडण्याचा आवाजही चांगला आहे, पण गाणं झालंय." मग मी सलीम आणि गौतमला गोळा करून जाहीर केलं की यापुढे एकतर मी किंवा वस्ताद. ते दोघं माझ्याबरोबर आले. माझ्या गळ्यामुळे आले असं मला तेव्हा वाटायचं. खरं कारण हे की पिंपरीत स्लॅक्स घालून स्टेजवर उभी राहणारी दुसरी बाई त्यांना मिळत नव्हती. मी तेव्हा काय चीज होते हे एका गोष्टीवरून कळेल. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट फाडून माझ्यासमोर धरलं, त्याच्या हातात पेन होतं. मी ते पेन घेतलं आणि तिकिटावर सही करून त्याला परत दिलं. तो बिचारा कितीतरी वेळ त्या तिकिटाकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, पैसे द्या."

दुसरी कॅसेट आम्ही मुंबईत केली. तिथल्या माणसानं माझ्या आवाजाला इतका घुमारा दिला की मी विहिरीत पडून गातेय असं वाटायचं. गौतमचा ताल सरळ करून घेतला. मला ते फार आवडलं. आणि कॅसेट चांगली खपली, हेच वाईट झालं. पडली असती तर महिन्याभरात तोंड पाडून वस्तादांकडे गेलो असतो. खपल्यामुळे जायचं राहिलं, आणि राहून राहून ते इतकं जुनं झालं की कुठून धरायचं तेच कळेना.

लग्नानंतर मधल्या वर्षांत त्यांची गाठ एकदाच पडली. माझा नवरा गेला तेव्हा. माणसांनी घर भरलं होतं. वस्ताद आले, कोपऱ्यात बसले. कुणाशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. वर पंखा घरघरत होता, कित्येक महिने घरघरतच होता. निघताना त्यांनी माझ्या जावेकडे स्टूल मागितलं. चपला काढून स्टुलावर चढले, पंखा उतरवला, गच्चीत नेला आणि तासाभरानं परत आणून लावला. जावेला म्हणाले, "त्या आवाजात माणसाला नीट रडता येत नाही." पंखा फिरायला लागला तर आवाजच नाही. मग मी रडले. ते तोवर जिना उतरून गेले होते.

आता अलीकडचं सांगते. आम्ही तिघं अजून वाजवतो. गणपतीत, सोसायटीच्या कार्यक्रमात, कुणाच्या साठीला. दोन आजोबा आणि एक आजी, रॉक. मध्यंतरी कुणीतरी आमचा व्हिडिओ काढला, तो या फोनवरून त्या फोनवर फिरला, आणि वाकडच्या एका स्टुडिओवाल्यानं आम्हाला बोलावून एक जुनं गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं. चांगला माणूस. चहा दिला, आरामखुर्च्या दिल्या. पण गौतमला दोन वर्षांपासून कंपवात आहे. डावा हात थरथरतो. स्टुडिओवाल्यानं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि प्रत्येक ठोका उचलून नीट जागेवर बसवला. ऐकवलं तेव्हा मी टाळ्या वाजवणार होते. गौतमनं पूर्ण ऐकलं आणि हळूच म्हणाला, "छान आहे. कोण वाजवतंय?"

त्याच आठवड्यात सलीमच्या निगडीच्या गॅरेजवर आम्ही जमलो. गॅरेज आता त्याचा मुलगा बघतो, सलीम खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देतो. गौतमबरोबर त्याची बायको सुमन होती. सुमन बँडबद्दल कधी मत देत नाही. कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसते आणि म्हणे घरी गेल्यावर त्याला एकेक चूक सांगते.

गौतम म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. वर्षभरानं ड्रमची काठी धरता येईल का, सांगता येत नाही. माझं एक गाणं मला करून ठेवायचंय. मी वाजवलेलं. वस्तादांना बोलवूया."

मी म्हटलं, "हयात आहेत का, ते आधी बघा."

"आहेत," सलीम म्हणाला. "मोशीला भाचीकडे असतात. मागे भाचीची स्कूटर घेऊन आले होते. पोरानं सर्व्हिसिंग केलं. वस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं आणि म्हणाले, परत उघडा."

"मग?"

"मग उघडलं. काहीच निघालं नाही. वस्ताद म्हणाले, निघायला पाहिजे होतं."

"बघ," मी म्हटलं. "ऐंशीच्या पुढचा माणूस. आणि आपण कुणाला बोलावतोय याचा विचार करा. तो माणूस काही झाकत नाही. माझा फाटका गळा त्यानं गावभर वाटला. गौतमचा हात आहे तसा ठेवील. लोक हसतील, गौतम. स्टुडिओवाल्यानं केलंय ते काय वाईट आहे?"

"मॅडम," सलीम म्हणाला. तो मला त्या गॉगलच्या दिवसांपासून चिडवायला मॅडम म्हणतो. "मॅडम, तू दुसऱ्याच कुणाची वकिली करतेस, राव."

गौतमनं डावा हात उजव्या हाताखाली दाबून धरला होता. म्हणाला, "ताई, खरं सांग. लोक हसतील म्हणून नको म्हणतेस, की तुला त्यांच्यासमोर जायची लाज वाटते म्हणून?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग लाजेचं तू बघ. हसण्याचं मी बघतो."

सुमन म्हणाली, "चहा गार होतोय."

मोशीला मी एकटी गेले, बसने. कधीकाळी तिथं ज्वारीची शेतं होती. आता उंच उंच इमारती झाल्यात आणि त्यांच्या मध्येमध्ये जुन्या गावातली कौलारू घरं अजून तग धरून आहेत. भाचीच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर समोर वस्तादच. लिफ्टच्या चौकटीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, मूठ डाव्या कानाला लावून वाकलेले. केस सगळे गेलेले, उंची तेवढी शिल्लक.

मी म्हटलं, "वस्ताद, मी..."

"थांबा."

थांबले. लिफ्ट खाली गेली, वर आली. मग ते सरळ झाले. "तिसऱ्या मजल्यावर घासते. समितीला पटत नाही. लिहून दिलं तर म्हणतात, कंपनीचा माणूस बघून गेला. बघून कसं कळेल?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आवाज खाली उतरलाय तुमचा. बरं झालं. वर उगाच गर्दी होती."

घरात बसल्यावर मी घरून पाठ करून आणलेलं बोलायला लागले. "त्या दिवशी माइकवर मी जे बोलले..."

"त्यातलं पुष्कळ बरोबर होतं," ते म्हणाले. "कॉम्प्रेसरचं तर शंभर टक्के. तो तिथे नको होता. मला तेव्हा फार आवडायचा तो आवाज, म्हणून घातला."

"आणि लग्नाचं बोलले ते?"

"तेही बरोबर निघालं की." आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. खालचे दात नव्हते.

मी नाक पुसलं. म्हणाले, "पण मला आता बोलावणं शहाणपणाचं नाही, बाई. तुम्ही बहिरा म्हणाला होतात ना, ते आता खरं झालंय. उजवा कान गेला. डाव्यात वरचं काही येत नाही. चिमण्या बंद झाल्या. भाचीच्या बांगड्या बंद झाल्या. जाडजूड काय ते येतं." मग विचारलं, "गौतमराव काय वाजवतात सध्या?"

मी गौतमच्या हाताचं सांगितलं. स्टुडिओत काय झालं तेही सांगितलं. ऐकताऐकता ते भिंतीकडे वळले. पायांत चपला नव्हत्याच, घरातच होते, तरी पायांनी चपला काढल्यासारखं केलं.

"घेऊन या त्यांना," म्हणाले.

त्यांच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होता, मालक परदेशात. भाचीनं फोनवर परवानगी घेतली. पण रिकाम्या फ्लॅटमध्ये टाचणी पडली तरी घुमते. वस्तादांनी त्यावर जो उपाय काढला, तो सोसायटीच्या अजून तोंडी आहे. त्यांनी घरोघर जाऊन गोधड्या मागितल्या. ज्यांच्या घरी गोधड्या नव्हत्या, त्यांच्याकडून गाद्या. खालच्या जुन्या गावातल्या एका म्हातारीनं तीन गोधड्या दिल्या आणि बजावलं, "गानंबिनं आमाला न्हाई कळत, बाबा. पन धुवून दे. आन घडी घालून दे." हॉलमध्ये दोऱ्या बांधून सगळ्या गोधड्या टांगल्या. जुन्या साड्यांचा, नॅप्थॅलीनच्या गोळ्यांचा आणि लहान मुलांचा असा एक मिसळलेला वास त्या खोलीला आला. मी टाळी वाजवून बघितली. टाळी हातातच राहिली, पुढे गेली नाही.

स्टुडिओवाला आपलं मशीन घेऊन आला. मोठ्या मनाचा, रुसला नाही. सुमननं सगळ्यांसाठी दहीभात आणला होता.

गौतम ड्रमवर बसला. वस्तादांनी ड्रमच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ डाव्या कानाला लावली आणि म्हणाले, "वाजवा." गौतमनं काठी उचलली. डावा हात खाली येताना काठीचं टोक ड्रमच्या कडेवर थरथरलं, टर्रर्र, आणि मग ठोका पडला. पुन्हा टर्रर्र, पुन्हा ठोका.

"हे आधी येतं, ते काय?" वस्तादांनी विचारलं.

"हात आहे, वस्ताद."

"छान बसलाय. काढायचा नाही."

गौतम कधी चिडत नाही. तेव्हा चिडला. "छान काय आहे त्यात? चहाचा कप धरता येत नाही मला. शर्टाची बटणं ही लावते."

मला वाटलं, झालं, मी म्हणत होते तेच झालं. सुमन डब्याची झाकणं लावत होती, ती लावतच राहिली.

वस्ताद स्क्रू-ड्रायव्हर खाली घेऊन जमिनीवर बसले. गुडघे धरून बसायला त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाले, "कपाचं मला काही करता येणार नाही, गौतमराव. ते वाईटच आहे. पण शेपर सुरू करताना आठवा. बटण दाबलं की लगेच चालतो का? आधी पट्टा ताणला जातो, करकरतो, मग आतलं वजन पुढे सरकतं. तुमच्या हाताचा पट्टा आता ऐकू येतो, एवढंच झालंय. पहिल्यांदा तुम्हाला ऐकलं तेव्हा मी तोच शोधत होतो. तेव्हा तुम्ही फार जोरात वाजवायचा, त्यात दबून जायचा."

गौतमनं काठ्या मांडीवर ठेवल्या. मग म्हणाला, "पट्टा नवा नाही बसवता येत ना?"

"नाही."

"बरं," म्हणाला, आणि काठ्या उचलल्या.

मग वस्ताद माझ्याकडे वळले. "बाई, आजवर हे सगळे तुमच्या मागून पळत आलेत. आज तुम्ही यांच्या मागून जायचं. पट्टा ऐकू आल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही."

ऐकायला सोपं आहे. पन्नासएक वर्षं मी गाण्यात पुढे उडी मारत आले, ती सवय गळ्यात बसलेली. गौतमचा हात कधी लगेच उतरायचा, कधी हवेत रेंगाळायचा. मी आधीच सुरू करायचे. "थांबा." पुन्हा. "थांबा." सलीमच्या बोटांना फोड आले. मी एकदा वैतागून तोंड उघडणार होते, पण समोरचा लाल दिवा दिसला आणि दहीभाताचा घास घेतला. हळूहळू असं झालं की मी गौतमच्या तोंडाकडे बघायचं सोडलं, गोधडीवरच्या एका लाल ठिगळाकडे बघत राहिले, आणि ती टर्रर्र मला माझ्या छातीत ऐकू यायला लागली. तिच्या मागून माझा आवाज निघाला, खालचा, खरखरीत, सत्तरीच्या बाईचा. गाणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सावकाश झालं. इतकं सावकाश, की भोंग्यावरचं गाणं आता कामावर जाण्याचं राहिलं नव्हतं, कामावरून परतण्याचं झालं होतं.

या वेळी "थांबा" आलं नाही. वस्ताद भिंतीशी, गोधडीत जवळजवळ तोंड घालून उभे होते. तिथूनच म्हणाले, "मला अर्धंच आलं. बाकीचं तुम्ही सांगा."

स्टुडिओवाल्यानं गाणं लावलं. गौतम उठला आणि वस्तादांच्या शेजारी जाऊन तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन म्हाताऱ्यांच्या पाठी आणि मधे टांगलेली गोधडी. गाणं संपल्यावर तो वळला नाही. नुसतं म्हणाला, "मीच आहे."

वस्तादांना आम्ही परत बोलावलं ते बरोबर की चूक, हे गाणं बाहेर गेल्यावर कळेल. लोक हसतील, काही जण हसतीलच. मीही पंचविशीत असते तर हसले असते आणि माइक उघडाच राहिला असता. सलीम म्हणतो, अजून तीन गाणी करूया. वस्ताद म्हणतात, आधी गोधड्या धुवा.

सुमन त्या दिवशी तिथे एक शब्दही बोलली नाही. डबे भरले, गौतमच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्याला घेऊन लिफ्टनं खाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. विहारातून आल्या आल्या केला असावा, मागे बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मी विचारलं, "काय गं, काय चुकलं आमचं?"

ती म्हणाली, "ताई, तुमच्या वस्तादांना एवढं सांगा. झोप लागेपर्यंत यांचा हात पलंगाच्या फळीवर वाजत असतो. मला सहन होत नाही म्हणून मी तो रोज दाबून धरायची. काल नाही धरला. काल ऐकत पडले."